मध्यमवर्गीय वस्तीचे दार

१

मराठी समीक्षेत एक आरोप इतक्या वेळा केला गेला आहे की आता तो आरोप न वाटता वर्णनच वाटू लागला आहे. मराठी कथा, कादंबरी आणि नाटक ह्यांचे अनुभवविश्व मर्यादित आहे, पांढरपेशा मध्यमवर्गाच्या दोन-तीन खोल्यांपलीकडे ते जात नाही, असा हा आरोप. लघुनियतकालिकांच्या चळवळीने तो एका बाजूने केला, दलित साहित्याने दुसऱ्या बाजूने, आणि ग्रामीण साहित्याच्या व देशीवादाच्या पुरस्कर्त्यांनी तिसऱ्या बाजूने. त्यातून मराठी साहित्याचा झालेला लाभ वादातीत आहे. परंतु एखादे मत सर्वमान्य झाले की त्यामागील गृहीतक तपासण्याची निकड कोणालाच वाटेनाशी होते. ह्या आरोपाचे तसेच काहीसे झाले आहे.

ते गृहीतक असे : मध्यमवर्गीय वस्तीतले जीवनच मुळात अरुंद होते, विस्तीर्ण, संघर्षमय जीवन अन्यत्र, म्हणजे खेड्यात, झोपडपट्टीत, गिरणगावात होते, आणि लेखक त्या जीवनापासून दूर राहत असल्यामुळे तो तिथवर पोचू शकला नाही. लेखकाला ह्या मांडणीत एक सोयीस्कर सूट मिळते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जे दूर आहे ते दिसले नाही, ह्यात अपराध तो कोणता? म्हणूनच 'अनुभवविश्वाची मर्यादा' हा शब्दप्रयोग दिसायला कठोर असला तरी परिणामी सौम्य ठरतो. मर्यादा ही कोणी निवडलेली नसते; ती वाट्याला आलेली असते.

हे गृहीतक सिद्धान्ताच्या पातळीवर तपासण्याआधी नकाशावर तपासून पाहणे इष्ट. त्यासाठी मुंबईतील दादर ही वस्ती घेऊ. हिंदू कॉलनी आणि शिवाजी पार्क ह्या तिच्या दोन प्रसिद्ध भागांनी 'मराठी मध्यमवर्ग' ह्या कल्पनेला जणू पत्ताच मिळवून दिला. आता ह्या पत्त्याच्या आसपास काय होते? नायगावला बी.डी.डी. चाळी होत्या; १९२० च्या दशकात त्या कामगारांसाठी बांधल्या गेल्या. पश्चिमेला, भर रहदारीच्या चौकाजवळ, कोहिनूर मिल होती. किनाऱ्याने थोडे उत्तरेकडे गेले की माहीमचा कोळीवाडा. शिवाजी पार्कच्या मैदानापासून काही मिनिटांच्या अंतरावर, समुद्राकाठी, ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले, आणि चैत्यभूमी उभी राहिली. आणि खुद्द हिंदू कॉलनीत, ह्या वस्तीच्या काठावरही नव्हे तर ऐन मध्यावर, बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात बांधलेले 'राजगृह' होते आणि आजही आहे.

सांगायचे ते एवढेच की अंतर नव्हते. गिरणी, चाळ, कोळीवाडा आणि राजगृह ही सारी पायी जाता येण्याजोग्या परिघात होती. तरीही ह्या वस्तीतून निर्माण झालेल्या मुख्य प्रवाहातील कथा-कादंबरीत ती शोधावी लागतात. हे न दिसणे अंतरामुळे घडलेले नसेल तर ते कशामुळे घडले, हा समीक्षेपुढचा खरा प्रश्न आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर वस्तीच्या रचनेत आहे, आणि ही रचना साहित्यकृतींच्या रूपात उतरली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. तिच्या धक्क्यातून १८९८ मध्ये 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट'ची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे आणि शहराच्या उत्तरेला नव्या वसाहती वसवणे हे तिचे काम. दादर-माटुंगा योजना ह्याच प्रयत्नांतून आकाराला आली. भूखंड पाडले गेले, ते भाडेपट्ट्याने दिले गेले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तिथे गिरगावाहून वेगळी अशी एक राहणी रुजली. तिचे एकक होते 'ब्लॉक'.

गिरगावच्या चाळीत खोल्या एका ओळीत असतात. त्यांच्यापुढून सामाईक गॅलरी जाते. संडास गॅलरीच्या टोकाला आणि नळही बहुधा तिथेच. ब्लॉकमध्ये स्वयंपाकघर, मोरी आणि संडास हे सारे एकाच दाराच्या आत आले. वास्तुशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही सोय झाली. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र तिच्याकडे एक नवी कथनस्थिती म्हणून पाहिले पाहिजे. चाळीत माणसाला दिवसातून अनेकदा इतरांच्या दारावरून जावेच लागते. ब्लॉकमधल्या माणसाला तसे जाण्याचे कारण उरत नाही. त्याच्या दाराला बेल आली, दारावर नावाची पाटी आली, आणि दार उघडायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार आला.

हा अधिकार केवळ खाजगी नव्हता. वस्तीच्या पातळीवर तो आधीच वापरला गेला होता. 'हिंदू कॉलनी', 'पारसी कॉलनी' ही नावेच पाहावीत. गावदेवीला १९१५ मध्ये स्थापन झालेली सहकारी गृहनिर्माण संस्था ही देशातील अशा प्रकारच्या अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. ती सारस्वत समाजाची होती. म्हणजे सहकार ह्या आधुनिक तत्त्वाने नागर निवासात प्रवेश केला तो जातीचे बोट धरून. पुढे २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारसी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व विशिष्ट समाजापुरते मर्यादित ठेवणारा पोटनियम ग्राह्य मानला. निवड हा ह्या वस्तीचा अपघाती गुण नाही. तिच्या घडणीचेच ते तत्त्व आहे.

भाषेनेही ह्या बदलाची नोंद ठेवली आहे. जुना शब्द 'बिऱ्हाड'. त्यात तात्पुरतेपणा आहे, आणि दुसऱ्याच्या वास्तूत राहत असल्याची जाणीव आहे. त्यानंतर 'भाडेकरू' आला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने त्याला असे संरक्षण दिले की भाडेकरू असणे हीच जवळजवळ मालकी झाली. मग 'सभासद' आला. बिऱ्हाडकरू येऊन राहतो. सभासदाला मात्र करून घ्यावे लागते. शेजारासाठीचे शब्दही असेच बदलले. चाळीतल्या शेजाऱ्याला नाव असते किंवा नाते असते. ब्लॉकमधला शेजारी हा 'समोरचे', 'वरचे', 'खालचे' असतो, म्हणजे माणसाऐवजी दिशा असतो. ह्या शब्दांच्या इतिहासात मराठी कादंबरीच्या एका मोठ्या भागाचा इतिहास सामावलेला आहे.

३

चाळीचे कथनरूप मराठीत सर्वाधिक ठळकपणे साकार झाले ते पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) ह्या पुस्तकात. विनोदाचे पुस्तक म्हणून त्याचे कौतुक इतके झाले की त्याच्या रचनेकडे पुरेसे लक्ष गेले नाही. ह्या पुस्तकाला एकच एक नायक नाही, सलग कथानक नाही. प्रकरणाप्रकरणाने चाळकऱ्यांचा एखादा सामूहिक उद्योग समोर येतो : सांस्कृतिक चळवळ, प्रवास, उपास. कोणा एकाचा उपासही इथे खाजगी राहू शकत नाही. तो साऱ्या चाळीचा विषय होतो. निवेदकाला सर्व बिऱ्हाडांची माहिती असते, आणि ती त्याला कशी मिळाली हे सांगण्याची त्याला गरज पडत नाही. कारण गॅलरी हीच त्याच्या सर्वज्ञतेची भौतिक अट आहे. पाश्चात्त्य कादंबरीतील सर्वज्ञ निवेदकाला जी मुभा संकेताने मिळते, ती इथे वास्तुरचनेने मिळाली आहे.

गच्चीच्या मागणीसाठी चाळकऱ्यांनी उभारलेल्या आंदोलनाचे प्रकरण ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे त्यात केलेले विडंबन सर्वपरिचित आहे. परंतु विडंबन साधते ते एका वास्तव साम्यामुळे. गच्ची ही सामाईक जागा आहे, आणि जिथे जागा सामाईक असते तिथेच भांडण सार्वजनिक रूप घेऊ शकते. सभा, ठराव, शिष्टमंडळ ह्या साऱ्या लोकशाही व्यवहाराची छोटी प्रतिकृती चाळीत संभवते. ब्लॉकमध्ये ती संभवत नाही.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. चाळ म्हणजे जिव्हाळा आणि ब्लॉक म्हणजे दुरावा, असे समीकरण मराठी मनाने फार लवकर स्वीकारले. त्या पुस्तकातील अखेरचे चिंतन ह्या भावनेचे मोठे कारण ठरले. परंतु गॅलरीवर आलेला प्रत्येक माणूस गॅलरीचा नव्हता. बटाट्याच्या चाळीतील बिऱ्हाडांची आडनावे वाचत गेले की तिथे कोण राहत होते आणि कोण नव्हते हे आपोआप कळते. संडास साफ करणारा माणूसही त्याच गॅलरीवरून गेला असणार. पण चाळीच्या सर्वज्ञ निवेदकाच्या ज्ञानात त्याचे नाव नाही. म्हणजे निवडीची क्रिया चाळीतही होती. फरक इतकाच की चाळीने ती जिन्याच्या तळाशी केली आणि ब्लॉकने ती प्रत्येक दारात केली. ज्या वस्तीची निवड जिन्याखालीच उरकते, तिला वर गॅलरीत सर्वांना आपले म्हणणे परवडते.

४

ब्लॉकमधले कथन ह्याहून निराळे. एका बाजूला दाराआडची माणसे, दुसऱ्या बाजूला जग, आणि दोहोंमध्ये बेल. मिखाईल बाख्तीन ह्यांनी कादंबरीतील कालावकाशांचा विचार करताना उंबरठ्याच्या कालावकाशाचा स्वतंत्रपणे निर्देश केला आहे. आयुष्यातील पेचप्रसंगाचा, निर्णयाचा वा मोडून पडण्याचा क्षण त्यांनी उंबरठ्याशी जोडला. त्यांच्यापुढे उदाहरण होते दोस्तोयेव्हस्कीचे. साठोत्तरी मराठी नाटकाला ही कल्पना लावून पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : आपल्या नाटकातील दिवाणखाना हा बहुतांशी उंबरठ्याच्या आतल्या बाजूने पाहिलेला उंबरठाच आहे.

जयवंत दळवी ह्यांचे 'संध्याछाया' घ्यावे. नाना आणि नानी हे वृद्ध दांपत्य, मुले दूर, घरात आवाज नाही. समीक्षेने ह्या नाटकाकडे वार्धक्याच्या एकाकीपणाचे नाटक म्हणून पाहिले. ते खरेही आहे. परंतु हे एकाकीपण केवळ वयाचे नाही, जागेचेही आहे. ज्या दाराने आयुष्यभर नको असलेले जग बाहेर ठेवले, त्याच दाराकडे ही माणसे आता डोळे लावून बसली आहेत. कोणीही यावे, असे त्यांना वाटते. पण 'कोणीही' येऊ नये म्हणूनच तर हे दार घडवलेले असते. निवडीचा अधिकार शेवटी निवडणाऱ्यावरच उलटतो. नाटकाच्या अखेरीला मुलाचा आधारही तुटतो आणि दोघे जीवन संपवतात, तेव्हा आपल्याला करुणा वाटते. त्या करुणेत वस्तीविषयीचा एक न उच्चारलेला निवाडा आहे. नाटककाराने तो उच्चारला नाही; समीक्षेने तरी उच्चारायला हवा होता.

विजय तेंडुलकर ह्यांच्या 'कन्यादान' (१९८३) मध्ये दार उघडले जाते. समाजवादी विचारांचे नाथ देवळालीकर आपल्या मुलीच्या, ज्योतीच्या, दलित कवी अरुण आठवले ह्याच्याशी होऊ घातलेल्या विवाहाचे स्वागत करतात. ह्या नाटकावर दलितांच्या चित्रणाविषयी जी टीका झाली तिच्यात तथ्य आहे. अरुणच्या हिंसेला नाटक जेवढे स्थान देते तेवढे तिच्या कारणांना देत नाही. मात्र ही टीका व्यक्तिरेखेपाशी थांबली. नाटकाच्या स्थळरचनेकडे पाहिले तर तो दोष अधिक नेमकेपणाने सांगता येतो.

नाटक घडते ते देवळालीकरांच्या घरात. अरुण-ज्योतीचे घर, त्यासाठीची त्यांची वणवण, तिथली मारहाण ह्यांपैकी काहीच आपण पाहत नाही. ते बातमी होऊन, तक्रार होऊन, ज्योतीच्या अंगावरचे वळ होऊन ह्या दिवाणखान्यात येते. म्हणजे प्रेक्षकाला अरुणच्या जगाविषयी जे कळते ते दाराच्या आत बसून कळते. देवळालीकरांच्या जगाविषयी अरुणला काय वाटते हे मात्र त्याला त्याच दिवाणखान्यात, परक्या खुर्चीवर अवघडून बसून सांगावे लागते. दोन जगांच्या भेटीचे हे नाटक एकाच जगाच्या जमिनीवर घडते, आणि ही जमीन तटस्थ असल्याचा आभास नेपथ्य निर्माण करते. तेंडुलकरांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की अखेरीला ज्योती त्या जमिनीवर उभे राहण्याचेच नाकारते. वडिलांचा आदर्शवाद, त्यांची सभ्यता आणि त्यांचे घर ह्यांच्याकडे ती ज्या रीतीने पाठ फिरवते, त्यात ह्या नाटकाची खरी शक्ती आहे. दार उघडणे म्हणजे दारावरचा हक्क सोडणे नव्हे, हे नाथांना न कळलेले सत्य त्यांच्या मुलीला कळलेले असते.

दादरच्या ब्लॉकमध्ये घडलेले हे कथनरूप दादरपुरते राहिले नाही. पुण्याच्या पार्श्वभूमीवरील सचिन कुंडलकर ह्यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) ही कादंबरी त्याचे अलीकडचे आणि अतिशय सूक्ष्म उदाहरण. एका मध्यमवर्गीय घरात एक तरुण पेइंग गेस्ट म्हणून येतो. घरातील मुलगा तनय आणि मुलगी अनुजा हे दोघेही त्याच्यात गुंततात, आणि तो निघून गेल्यानंतर दोघे आपापल्या निवेदनांतून त्याची आणि स्वतःची जुळणी करू पाहतात. दार येथे भाड्यासाठी उघडले गेले आहे. व्यवहाराच्या मिषाने आलेल्या माणसाने घराची सारी भावनिक व्यवस्था उसवली. लक्षणीय बाब अशी की त्या माणसाला कादंबरीत नाव नाही. घराच्या दृष्टीने बाहेरचा माणूस अनामच असतो, हे वास्तव लेखकाने लपवले नाही. त्याने त्यालाच रूपतत्त्व केले. ज्या कृती मध्यमवर्गीय घराबाहेर पडत नाहीत त्या सर्व सारख्याच संकुचित, असे म्हणणाऱ्यांना ह्या कादंबरीचे काय करावे हे कळणार नाही. ती घराबाहेर पडत नाही. पण घराची कडी ती वाचकाच्या हातात देते.

५

आता दाराच्या दुसऱ्या बाजूने पाहू. बाबुराव बागुल ह्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा, म्हणजे 'बटाट्याची चाळ' प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी आलेला. शीर्षककथेतील निवेदक परगावी रेल्वेच्या नोकरीवर रुजू होतो आणि तिथे त्याला राहायला खोली हवी असते. खोली मिळण्याच्या प्रश्नाशी जातीचा प्रश्न अटळपणे बांधलेला आहे. नोकरी राज्यघटनेच्या आधाराने मिळू शकते; खोली मात्र शेजाऱ्याच्या मर्जीने मिळते. मराठी समीक्षेने ही कथा विद्रोहाची कथा म्हणून वाचली. ती निवासाची कथा म्हणून वाचली तर तिचा रोख अधिक टोकदार होतो. मध्यमवर्गीय वाङ्मयात जे दार घरमालकाला संरक्षण देणारी निर्जीव वस्तू म्हणून येते, तेच दार इथे प्रश्न विचारते.

दया पवार ह्यांच्या 'बलुतं' (१९७८) ह्या आत्मकथनात मुंबईतील कावाखाना येतो. त्या पुस्तकाची चर्चा झाली ती त्यातील दारिद्र्याच्या, गावकुसाबाहेरील जीवनाच्या अंगाने. परंतु शिकत, नोकरी करत पांढरपेशा जगाच्या उंबरठ्यापर्यंत आलेल्या माणसाचे ते आत्मकथन आहे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. हा माणूस दोन वस्त्यांच्या मध्ये उभा आहे. एकीत तो मावत नाही आणि दुसरीत त्याला सहजपणे शिरता येत नाही. ह्या मधल्या जागेचे इतके प्रामाणिक वर्णन आपल्या मध्यमवर्गीय वाङ्मयात क्वचितच मिळेल. कारण आत असलेल्याला उंबरठा जाणवत नाही. तो पायाला लागतो तो बाहेरून येणाऱ्याच्या.

जयंत पवार ह्यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक ह्याच क्रमात ठेवावेसे वाटते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर उद्ध्वस्त होत गेलेले एक कामगार कुटुंब आणि त्याची एक खोली, एवढाच ह्या नाटकाचा अवकाश. रचनेच्या दृष्टीने तेही 'घरातले' नाटक आहे. परंतु इथले दार कोणालाच अडवू शकत नाही. संप, बेकारी, टोळीयुद्ध, राजकारण हे सारे बेल न वाजवता आत येते. 'कन्यादान'मध्ये इतिहासाला दिवाणखान्यात येण्यासाठी वार्ताहर लागतो. 'अधांतर'मध्ये इतिहास खोलीतच राहायला असतो. दोन्ही नाटकांचे मूल्यमापन वेगवेगळ्या निकषांनी व्हावे असे नाही. पण दोन्ही खोल्यांना 'घर' हा एकच शब्द लावून समीक्षा थांबली, तर तिला काहीच दिसले नाही असे म्हणावे लागेल.

आणि मग राजगृह. हिंदू कॉलनीच्या शांत रस्त्यावरील ती वास्तू ज्याने बांधली त्या माणसाने ह्याच वस्तीच्या रचनेचे, जात आणि जागा ह्यांच्या संबंधाचे, सर्वांत भेदक विश्लेषण केलेले आहे. त्याचा ग्रंथसंग्रह तिथे होता. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसे चैत्यभूमीला आणि शिवाजी पार्कवर येतात. ह्या वस्तीच्या वार्षिक जीवनातील हा सर्वांत मोठा प्रसंग आहे. दलित कवितेत तो वारंवार आला आहे. त्या मैदानाभोवतीच्या ब्लॉकांतून लिहिल्या गेलेल्या गद्यात तो किती आला? ज्या वाङ्मयाने मैदानावरचे क्रिकेट, कट्ट्यावरच्या गप्पा आणि समुद्रावरचे वारे इतक्या तपशिलाने टिपले, त्या वाङ्मयाची निरीक्षणशक्ती कमी होती असे म्हणता येत नाही. म्हणूनच 'मर्यादा' हा शब्द इथे अपुरा पडतो. ही लक्षाची निवड होती.

६

ही निवड एकेका लेखकाने जाणूनबुजून केली असे मानणे अन्यायाचे होईल. तिच्यामागे वाङ्मयव्यवहाराची रचनाही होती. मौज प्रकाशन गृह गिरगावात, खटाववाडीत. 'सत्यकथा' मासिक तिथूनच निघे, १९८२ मध्ये ते बंद पडेपर्यंत. मुंबई मराठी साहित्य संघही गिरगावात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला. शिवाजी मंदिर नाट्यगृह १९६५ पासून दादरला. लेखक, संपादक, मुद्रक, ग्रंथपाल, प्रेक्षक आणि समीक्षक हे सारे बहुतांशी एकाच रेल्वेमार्गावरील एकाच प्रकारच्या वस्त्यांत राहत होते. वस्ती लिहीत होती, वस्ती छापत होती, वस्तीच वाचत होती आणि वस्तीच परीक्षण करत होती. अशा वर्तुळात जे सर्वांनाच दिसत नाही त्याची उणीव कोणालाही भासत नाही.

ह्या वर्तुळाला दादरमध्येच तडा गेला, हेही नमूद केले पाहिजे. छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून प्रायोगिक रंगभूमीने जे मूळ धरले, तिथे दिवाणखान्याची तीन भिंतींची चौकट मोडली गेली. शाळेच्या सभागृहात दिवाणखाना उभारण्याची सोयच नव्हती. आणि सोय नसल्यामुळे सक्तीही नव्हती. नेपथ्यातून दार गेले की नाटकात कोण येऊ शकतो ह्याचे नियमही बदलतात. त्या चळवळीचे मूल्यमापन शैलीच्या अंगाने भरपूर झाले. ती मध्यमवर्गीय वस्तीच्या मधोमध, तिच्याच शाळेत, तिच्याच दाराविरुद्ध झालेली चळवळ होती, हा अर्थ अजून पुरेसा मांडला गेलेला नाही. एका वस्तीत एकाच वेळी निवडही चालते आणि निवडीचा प्रतिवादही चालतो. वस्तीला एकजिनसी मानणारी समीक्षा ह्या दोहोंतला फरक करू शकत नाही.

७

आज दादरचे ते ब्लॉकही जाऊ लागले आहेत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला वाढीव चटईक्षेत्राचे प्रलोभन दिले, आणि त्यानंतरच्या दशकांत दोन-तीन मजली इमारतींच्या जागी मनोरे उभे राहिले. कोहिनूर मिलची जमीन २००५ मध्ये विकली गेली. तिथेही आता उंच इमारत आहे. नव्या मनोऱ्यात निवडीची क्रिया आणखी बाहेर सरकली : ती आता फाटकावर होते. नोंदवही, ओळखपत्र, कॅमेरा, नोकरांसाठी वेगळी लिफ्ट. घराच्या दाराला जे काम करावे लागे ते आता पगारी माणूस करतो, आणि म्हणून घराच्या दाराआडचा माणूस स्वतःला उदार समजू शकतो.

ह्या स्थित्यंतरातून स्मरणरंजनाचे वाङ्मय मोठ्या प्रमाणावर निर्माण होत आहे. एके काळी चाळीविषयी जे लिहिले गेले ते आता ब्लॉकविषयी लिहिले जाते : शांत गल्ली, झाडे, कट्टा, वाचनालय. हे वाङ्मय खोटे आहे असे नाही. आपल्या वस्तीवर प्रेम करण्याचा अधिकार मध्यमवर्गालाही आहे. परंतु गल्ली शांत का होती, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याच्या प्रेमातून साहित्य निर्माण होईलच असे नाही. रोज भांडी घासायला येणारी बाई ह्या स्मरणचित्रांत बहुधा असते. ती प्रेमळ असते, घरच्यासारखी असते. ती कुठून येत असे आणि परत कुठे जात असे हे मात्र त्यांत नसते. 'घरच्यासारखी' ह्या शब्दातील 'सारखी' ह्या प्रत्ययाचे विवेचन करील अशी कथा आपण अजून मागितलीच नाही.

समीक्षेपुढे इथे एक निश्चित काम आहे. 'मध्यमवर्गीय' हे विशेषण निर्भर्त्सना म्हणून वापरणे तिने थांबवावे. त्याने लेखक दुखावतो पण प्रश्न सुटून जातो. वस्तीबाहेर गेलेला लेखक मोठा आणि वस्तीत राहिलेला लहान, हा निकष तर मुळातच चुकीचा. झोपडपट्टीवर लिहिणारा लेखकही आपले दार सोबत घेऊन तिथे जाऊ शकतो, आणि तसे लेखन मराठीत झालेले आहे. विचारायचा प्रश्न साधा आहे : ह्या कृतीत दार कुठे आहे, ते कोणाच्या हातात आहे, आणि त्या दाराचे असणे कृतीला ठाऊक आहे काय? ज्या कृतीला ते ठाऊक आहे ती एका खोलीत घडूनही मोठी होते. ज्या कृतीला ते ठाऊक नाही ती साऱ्या शहरभर फिरली तरी घरातच राहते.

हिंदू कॉलनीच्या नकाशावर राजगृह पहिल्यापासून होते. त्या नकाशाचे वाचन करणारी मराठी समीक्षा मात्र अजून घडायची आहे. आणि ती घडवण्यासाठी कोणत्याही दूरच्या प्रदेशात जाण्याची गरज नाही.